औताच्या बैलांची पैदास : मराठवाड्याची अलिखित वंशावळ

विषयाची मांडणी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील ओढकामाच्या घोड्यांच्या वंशावळी छापील स्वरूपात जपल्या जाऊ लागल्या. स्कॉटलंडमधील क्लाइड्सडेल घोड्यांची संस्था 1877 मध्ये स्थापन झाली, इंग्लंडमधील शायर घोड्यांची 1878 मध्ये आणि फ्रान्समधील पर्शरॉन घोड्यांची 1883 मध्ये. असे घोडे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या वसाहतींत गेले आणि तेथील शेतजमिनी त्यांनी नांगरल्या. त्याच काळात गोदाकाठच्या मराठवाड्यात तेच काम बैल करत होते. त्यांचीही पैदास निवडीने होत होती, फक्त तिची नोंद कोणत्याही पुस्तकात नव्हती. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर या प्रदेशाच्या पश्चिम कडेला येते. पलीकडे शेवगाव तालुका लागतो. ब्रिटिश काळात उमापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि शेवगाव ब्रिटिशांच्या अहमदनगर जिल्ह्यात. राज्ये दोन असली तरी काळी जमीन, ज्वारी आणि बैलाचे औत दोन्हीकडे सारखेच होते.

घोडा औताला का आला नाही

मराठवाड्यात घोडे कमी नव्हते. आजचे अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार आजही भरतो. मात्र दख्खनी घोडा हलका, काटक आणि स्वारीचा होता. नांगराला तो जुंपला गेला नाही, याचे मुख्य कारण चारा होय. बैल रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या चार कप्प्यांच्या पोटातील सूक्ष्मजीव कडब्यासारख्या तंतुमय, निकृष्ट चाऱ्यातूनही पोषण काढतात. घोड्यात हे काम मोठ्या आतड्यात होते आणि तितक्या पूर्णत्वाने होत नाही, म्हणून जड काम करणाऱ्या घोड्याला धान्याचा खुराक लागतो. जेथे माणसाच्या ज्वारीचीच शाश्वती नाही, तेथे जनावराला रोज धान्य घालणे परवडत नाही. दुसरे कारण शरीररचनेचे आहे. घोड्याची पूर्ण ताकद वापरण्यासाठी गळ्याभोवती बसणारा भरीव पट्टा लागतो. भारतीय बैलाला वशिंड असते. त्याच्या पुढे मानेवर लाकडी जू टेकले की ओढ मिळते, आणि ते जू गावचा सुतार बाभळीच्या लाकडातून घडवू शकतो.

ओढशक्तीचे गणित

ओढकामाचे जनावर आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी ओढ तासन्‌तास टिकवू शकते. 400 किलोचा बैल या हिशेबाने 40 किलो भाराइतका जोर सतत लावतो. ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालताना त्याची शक्ती सुमारे 270 वॉट भरते. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॉट, त्यामुळे बैलजोडी मिळून जेमतेम पाऊण अश्वशक्ती देते. अवघड जागी क्षणभर ती याच्या कितीतरी पट जोर लावते, पण दिवसभराच्या कामाचे माप सरासरीनेच ठरते.

वजन वाढले की ओढ वाढते, म्हणून मोठा बैल चांगला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वजनासोबत चाऱ्याची गरजही वाढते, आणि ती जनावर रिकामे बसलेल्या महिन्यांतही वाढलेलीच राहते. उन्हाळ्यात कडब्याची गंजी कुठवर पुरेल, यावर त्या गावच्या बैलाचा आकार ठरत आला. मराठवाड्यातील बैल मध्यम चणीचे का राहिले, याचे उत्तर येथे मिळते. पैदास करणाऱ्यांची दृष्टी तोकडी होती असा निष्कर्ष अनेक वसाहतकालीन अधिकाऱ्यांनी काढला, तो या हिशेबापुढे टिकत नाही.

लाल कंधारी

या जातीचे मूळ नांदेड जिल्ह्यातील कंधार परिसरात आहे. नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर आणि बीड या जिल्ह्यांत ती पसरली. रंग एकसारखा गडद लाल, वळूंमध्ये काळसरपणाकडे झुकणारा. कान लांब व खाली झुकलेले, बांधा आटोपशीर. ही मूलतः कामाची जात आहे. गाय एका वेतात सरासरी 600 किलोच्या आसपास दूध देते. कमी चाऱ्यात तगणे आणि उन्हात काम करणे हे तिचे खरे भांडवल आहे. भारतीय गोवंशाची सैल कातडी, कार्यक्षम घर्मग्रंथी आणि शरीरात कमी उष्णता निर्माण करणारा चयापचय यांमुळे हे साधते.

देवणी

लातूर जिल्ह्यातील देवणी हे या जातीचे नावगाव. हा भाग पूर्वी उदगीर तालुक्यात आणि 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होता, त्यामुळे जात महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण या तिन्ही राज्यांत आढळते. गीर, डांगी आणि स्थानिक गुरे यांच्या संकरातून ती घडली असे मानले जाते. कपाळाचा फुगवटा आणि लांब लोंबते कान यांत गीरची छाप दिसते. रंगानुसार तिचे तीन प्रकार होतात : पांढऱ्या अंगाचा व चेहऱ्याच्या बाजूंना काळा असलेला वानेरा, पोटाखालच्या भागावर काळे ठिपके असलेला बालंक्या आणि सर्वांगावर अनियमित काळे ठिपके असलेला शेवरा. देवणी दुहेरी उपयोगाची जात आहे. बैल जड कामाला उपयुक्त आणि गायीचे दूध एका वेतात सरासरी 870 किलोच्या आसपास.

पश्चिमेकडून तिसरी जात येते, ती खिल्लार. आटपाडी, म्हसवड, सांगोला, जत हा माणदेशी टापू तिचे घर आहे. पांढरी, उंच, लांब शिंगांची आणि वेगवान. गाडीला आणि हलक्या जमिनीला ती उत्तम, दुधाला मात्र बेताची. बीडचा पश्चिम भाग या तिन्ही जातींच्या प्रभावक्षेत्रांच्या कडेवर येतो, म्हणून तेथील दावणीला शुद्ध जनावरांपेक्षा मिश्र वळणाची जनावरे अधिक दिसतात.

वंशावळ म्हणजे काय

वंशावळ-नोंद म्हणजे जनावराचे आई-बाप, आजे आणि त्यांचे गुण यांची सलग लेखी माहिती. शर्यतीच्या घोड्यांसाठी इंग्लंडमध्ये अशी पहिली वही 1791 मध्ये निघाली, तर शॉर्टहॉर्न गुरांसाठी 1822 मध्ये. नोंदीचे काम दुहेरी असते. चांगल्या गुणाचा उगम कोणत्या पूर्वजात होता हे ती सांगते आणि जवळच्या नात्यातील संयोग टाळायला मदत करते. बाप आणि मुलगी यांच्या संयोगातून जन्मलेल्या वासराच्या जनुक-जोड्यांपैकी सरासरी 25 टक्के जोड्यांत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. सावत्र भावंडांच्या वासरात हे प्रमाण 12.5 टक्के असते. असे प्रमाण वाढत गेले की वासरे अशक्त निपजतात आणि गायींची गाभण राहण्याची क्षमता घटते.

ओढणारा प्रजोत्पादन करत नाही

बैलांच्या पैदाशीतील सर्वांत कठीण अडचण ही आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. ओढकामाची शायर किंवा क्लाइड्सडेल घोडी स्वतः नांगर ओढते आणि शिंगरूही देते. तिची ताकद मालकाला रोज दिसते. बैलाचे तसे नाही. खच्ची केल्याशिवाय नर सहसा औताला नीट चालत नाही, आणि खच्ची केला की त्याचा वंश तेथेच थांबतो. ज्याने सिद्ध करून दाखवले तो पुढे काही देऊ शकत नाही, आणि जो देऊ शकतो त्या वळूने औत कधी ओढलेलेच नसते. गायही महाराष्ट्रात बहुधा जुंपली जात नाही.

मग वळू निवडायचा कसा? त्याच्या भावांवरून. एकाच गायीचे पूर्वीचे खोंड औताला कसे निघाले, त्याच बापाची इतर घरांतील बैलजोडी चिखलात बसते की निघते, दुपारी धापा टाकते का, खांदा किती लवकर सुजतो, ही माहिती गावात फिरत असे आणि तिच्या आधारे एखादा गोऱ्हा राखून ठेवला जाई. आधुनिक पशुप्रजननशास्त्रात याला भावंडांवरून केलेली निवड म्हणतात. दुधासाठी वळू निवडतानाही हीच अडचण येते, कारण वळू दूध देत नाही. तेथे त्याच्या मुलींच्या दुधावरून त्याचे मोल ठरते. तिथे निदान लिटरचे माप असते. औतात मोजमापाचे साधन नव्हते, होती ती अनुभवी नजर आणि पंधरावीस वर्षांची स्मरणशक्ती. लेखी वही नसली तरी वंशावळ नव्हती असे म्हणता येत नाही. ती गावाच्या बोलण्यात होती.

बाह्य लक्षणांना यातूनच महत्त्व आले. रंग, कानांची ठेवण, शिंगांचे वळण यांचा ताकदीशी थेट संबंध नाही. परंतु ती वंशाची ओळखखूण आहेत. गडद लाल रंग दिसला तर जनावर कंधारी कुळातले, आणि त्या कुळाचे गुण त्यात असण्याची शक्यता अधिक, असा तर्क केला जाई. छातीची रुंदी, सरळ पाय, घट्ट व काळे खूर, आखूड मान ही लक्षणे मात्र प्रत्यक्ष कामाशी जोडलेली आहेत. अंगावरील भोवऱ्यांवरून शकुन-अपशकुन ठरवण्याची रीतही होती. तिला शरीरशास्त्राचा आधार नाही.

वळू, पोळ आणि खच्चीकरण

बहुतेक शेतकऱ्यांकडे एक-दोन गायी असल्याने स्वतंत्र वळू पाळणे कोणालाच शक्य नव्हते. गावाने मिळून एक वळू राखणे किंवा देवाच्या नावाने पोळ सोडणे ही त्यावरची व्यवस्था होती. देवाला सोडलेला पोळ कोणाच्याही शेतात चरला तरी त्याला हाकलले जात नसे, म्हणजे त्याच्या पोषणाचा खर्च आपोआप साऱ्या गावावर वाटला जाई. मर्यादाही येथेच आहे. तीन वर्षांचा वळू कामाला लागला की साधारण दहा महिन्यांनी त्याची पहिली वासरे जन्मतात आणि आणखी तीनेक वर्षांत त्यांतील कालवडी माजावर येतात. चौथ्या वर्षाच्या सुमारास वळू दुसऱ्या गावाशी बदलला नाही, तर बाप-मुलीचे संयोग सुरू होतात. देवाचा पोळ बदलणे सोपे नसते.

दुसरी अडचण खच्चीकरणाच्या वयाची होती. पारंपरिक रीतीने खोंड दोन-अडीच वर्षांचा, दोन दाती झाल्यावर बडवला जाई. उशिरा बडवल्याने वशिंड व मान भरते आणि बैल ताकदवान होतो. पण तोवर हे सगळे निवड न झालेले गोऱ्हे गायरानात गायींबरोबरच चरत, आणि राखलेल्या वळूच्या आधी तेच गायी फळवत. चांगला बैल घडवण्याची रीत चांगल्या वंशाच्या आड येत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीच्या बुर्डिझ्झो यांनी कातडी न फोडता शुक्ररज्जू दाबणारा चिमटा तयार केला. त्यामुळे वेदना व जखम कमी झाली आणि लहान वयातच नको असलेले नर बाद करणे शक्य झाले.

सरकारचा हस्तक्षेप

ब्रिटिश सरकारला पैदाशीत रस आला तो सैन्यामुळे. सैन्यासाठी जनावरे हवीत म्हणून हिस्सार येथे 1809 मध्ये सरकारी पैदास केंद्र उभे राहिले. शेतीच्या बैलाकडे लक्ष जायला आणखी शतक लागले. 1926 मध्ये नेमलेल्या शाही कृषी आयोगाने 1928 च्या अहवालात एक दुष्टचक्र दाखवले : बैल दुबळे असले की कामासाठी ते अधिक संख्येने लागतात, अधिक बैल मिळावेत म्हणून अधिक गायी राखल्या जातात, त्यामुळे चारा आणखी विभागला जातो आणि पुढची पिढी अधिकच दुबळी निपजते. हे विश्लेषण आजही अचूक वाटते. मुंबई इलाख्याने 1933 मध्ये पशुधन सुधारणा कायदा केला. निकृष्ट नर खच्ची करण्याचा आणि वळूंना परवाना देण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. उमापूरच्या पश्चिमेला हा कायदा लागू करता येत होता, उमापुरात नाही.

निजाम सरकारने 1918 मध्ये परभणीला प्रायोगिक शेती केंद्र सुरू केले. आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची पूर्वपीठिका तीच. देवणीचा कळप हैदराबादजवळ हिमायतसागर येथील सरकारी केंद्रात राखला गेला. जोशी आणि फिलिप्स यांनी भारत-पाकिस्तानातील गोवंशावर लिहिलेला ग्रंथ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1953 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात देवणीला स्वतंत्र जात म्हणून स्थान मिळाले, तेव्हा आकडेवारीचा आधार अशा सरकारी कळपांचाच होता. गावातील बैल मात्र त्या वहीबाहेरच राहिला.

औजार आणि बैल

काळी जमीन पावसात चिकट आणि उन्हाळ्यात दगडासारखी कठीण होते. तिची खोल नांगरट दरवर्षी होत नसे. एरवी वखराच्या पाळ्यांवर भागे. तिफण, कोळपे, वखर ही कामे एका जोडीने होतात. लाकडी मोठा नांगर किंवा नंतरचा लोखंडी नांगर खोल घालायचा तर चार, सहा, प्रसंगी आठ बैल लागत. किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लोखंडी नांगर बाजारात आणला आणि तणाचा बंदोबस्त सोपा झाला, पण ओढीची मागणीही वाढली. एका शेतकऱ्याकडे आठ बैल क्वचितच असत, म्हणून सावड करून शेजाऱ्यांच्या जोड्या एकत्र आणल्या जात. वेगवेगळ्या घरचे बैल एकाच नांगराला चालायचे तर उंची आणि चाल जुळावी लागते. जातीतील एकसारखेपणाला शोभेपलीकडचा हा व्यावहारिक अर्थ होता.

पीकही या साखळीत येते. रब्बी ज्वारीची मालदांडी जात मोहोळ येथील निवडीतून पुढे आली आणि टिकली, ती दाण्याइतकीच कडब्यासाठी. कापूस आणि सोयाबीन यांनी ज्वारीची जागा घेतली तशी घरची वैरण कमी झाली.

दुष्काळाची चाळणी

1876 ते 1878 आणि 1899 ते 1900 या दुष्काळांत दख्खनची जनावरे मोठ्या संख्येने मेली किंवा कवडीमोलाने विकली गेली. अशा वेळी शेतकरी शेवटपर्यंत बैल वाचवतो, कारण पुढचा पेरा त्याच्यावर असतो. गाय आणि कालवड आधी जाते. परिणामी जे टिकते ते खच्ची जनावर, आणि प्रजननाचा पाया हरवतो. दुष्काळानंतर बाहेरून गुरे येतात आणि जातींचे मिश्रण होते. बीड जिल्ह्यात अलीकडच्या दशकात वारंवार उभ्या राहिलेल्या चारा छावण्यांकडे या दृष्टीनेही पाहायला हवे. तेथे जगवलेली प्रत्येक गाय वंशाच्या दृष्टीने मोलाची होती.

बाजार

उदगीरजवळचे हाळी-हंडरगुळी, बीडजवळचे नेकनूर, आणि यात्रांमध्ये माळेगाव ही या भागातील जनावरांच्या व्यवहाराची ठळक ठिकाणे. वय दातांवरून ठरते : दोन दाती बैल सुमारे अडीच वर्षांचा, आठही दात जुळलेला चार-पाच वर्षांचा. हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात. बाजारात जनावर हात बदलते तेव्हा रंग, दात, चाल सोबत जाते. आई-बापाची माहिती मात्र मागे राहते. गावाची तोंडी वंशावळ गावाच्या वेशीपर्यंतच चालते, ही तिची सर्वांत मोठी मर्यादा.

ऊसवाहतूक

ट्रॅक्टरने नांगरट हाती घेतल्यावरही बीडमध्ये बैलाची मागणी पूर्ण संपली नाही, कारण ऊसतोड. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. त्यांतील गाडीवान टोळ्या स्वतःच्या बैलजोडीने फडातून कारखान्यापर्यंत ऊस ओढतात, आणि जोडी घेण्यासाठी मुकादमाकडून घेतलेली उचल बऱ्याचदा वापरली जाते. हे काम औतापेक्षा वेगळे आहे : मऊ मातीऐवजी डांबरी रस्ता, चढउतार आणि रबरी टायरच्या गाडीवर दीड-दोन टनांचा भार. खूर झिजतात म्हणून नाल मारावी लागते, जुवाच्या दाबाने खांदेसूज होते. ओढकामाच्या जनावरांवरील क्रूरता रोखणारे 1965 चे केंद्रीय नियम जनावराचा आकार आणि चाकाचा प्रकार पाहून भाराची कमाल मर्यादा घालतात; त्यांची अंमलबजावणी फडावर क्वचित पोहोचते, आणि त्याची किंमत बैल व गाडीवान दोघेही देतात.

दुसरी मागणी शर्यतीची. सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीसंबंधीचा कायदा वैध ठरवला आणि खिल्लारचा भाव चढला. पण शर्यत काही सेकंदांचा वेग निवडते, दिवसभराची ओढ नाही. तिच्यामुळे खिल्लार राखली जाईल, लाल कंधारीला मात्र त्याचा उपयोग नाही.

संकर आणि आजची नोंद

1970 नंतर जर्सी आणि होल्स्टीन वळूंच्या रेतनाने दूध वाढले. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसते किंवा नाममात्र असते, त्यामुळे जू नीट टेकत नाही. उन्हात तो लवकर थकतो. दुधासाठी केलेला संकर आणि औतासाठीची जात ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत, आणि एकाच गायीकडून दोन्हीची अपेक्षा केल्यास एक हातचे जाते. आता देवणी आणि लाल कंधारी यांची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे आहे. राज्य सरकारने 2023 मध्ये अंबाजोगाई तालुक्यातील साकुड येथे या दोन्ही जातींच्या जतन व संवर्धनाच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, ही बीडसाठी महत्त्वाची घटना आहे.

प्रश्न राहतो तो नोंद कशाची ठेवायची याचा. रेतनासाठीच्या वळूची माहिती देताना त्याच्या आईचे दूध लिहिले जाते, कारण ते मोजता येते. ओढीचे मापही आता अवघड नाही. जू आणि गाडी यांच्यामध्ये बसवलेला ओढमापक किती जोर, किती वेळ लागला हे नोंदवतो. लाल कंधारी बैलांच्या गाड्या दर हंगामात ठरावीक कारखान्यांवर महिनोन्‌महिने असतात. तेथे बैलांच्या कानातील बिल्ल्यांवरून त्यांचे आई-बाप शोधून कामाची नोंद जोडली, तर कोणत्या वळूचे बैल पाचव्या महिन्यातही उभे राहतात हे पहिल्यांदा आकड्यांत कळेल, आणि साकुडसारख्या केंद्रात वळू निवडताना दुधाच्या रकान्याशेजारी ओढीचाही रकाना भरता येईल.